एका बाजूचे ठसे

१

भाऊबीजेच्या सकाळी साडेआठला फोन आला, सगुणाबाईंचा वळू केवड्या गोठ्यात मरून पडलाय. मी फराळाला बसलो होतो. हातातली करंजी ताटात तशीच ठेवली आणि पायात चपला सरकवल्या.

मी कमळाकर. जनावरांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं ड्रेसर आहे. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, जनावर दोरीनं पाडायचं आणि वर फॉर्म भरायचे, ही माझी कामं. डॉक्टर येतात, बदलून जातात, मी आपला तिथंच. त्यामुळं मला जरा घमेंड आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवशी ती पार उतरली.

आमच्या डॉक्टर हुदा मॅडम मूळच्या रोह्याच्या. वय चौतीस, बोलणं कमी. त्या गाडी चालवत होत्या आणि मी बडबडत होतो.

"मॅडम, हा साधा वळू नव्हता हो. बाईंच्या सासऱ्यापासून घरात एकच वाण. अकरा गाई नि हा एक वळू. बाहेरचं रक्त कधी शिरू दिलं नाही."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "खाडीचं मचूळ पाणी पिणारी गुरं."

तेच. ठेंगणी, बारीक खुरांची आमची कोकणातली गुरं. दूध जेमतेम दोन लिटर, म्हणून कुणी विचारत नाही. पण पावसाळ्याचे चार महिने चिखलात उभी राहिली तरी खूर कुजत नाही, अंगावर गोचीड टिकत नाही. सहा वर्षांपूर्वी उधाणानं खाडीचा बांध फुटला, शेतात खारं पाणी आलं. बाईंच्या पुतण्यानं हौसेनं आणलेल्या दोन जर्सी गाई महिन्याभरात गेल्या. बाईंची गुरं खाजणातलं खारं गवत खाऊन जगली. पंचक्रोशीत त्या वाणाचा वळू आता हा एकच. केवड्या गेला म्हणजे वाण गेला, इतकं ते सरळ होतं.

"त्यात सोमवारी आपली तिथंच मोहीम," मी म्हणालो. निकृष्ट वळूंचं खच्चीकरण करायची ती मोहीम. मॅडमच्या सहीची यादी माझ्याच पिशवीत होती. त्यात नावं नव्हती, नुसते कानातल्या टॅगचे बारा आकडी नंबर, सात वळूंचे.

कासू स्टेशन मागं टाकून आम्ही खाडीकडच्या रस्त्याला लागलो. गावाच्या तोंडाशीच पुतण्या प्रविण उभा होता. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, रात्रीच्या शिफ्टवरून नुकताच आलेला.

"डॉक्टर, कुणीतरी विष घातलं हो त्याला," तो म्हणाला. "आणि कुणी घातलं ते पण मना म्हायती हाय."

२

गोठ्यात वळू उजव्या कुशीवर पडला होता. भुरकट पिवळा रंग, आखूड शिंगं, कानात पिवळा टॅग. डाव्या अंगावर गेरूचे गोल ठसे होते. आमच्याकडं पाडव्याला गुरं धुतात, लाकडी मापाचं तोंड गेरूत बुडवून अंगभर ठसे उठवतात आणि संध्याकाळी पेंढ्याच्या जाळावरून उडवतात. बाईंच्या मापाची कड एका जागी फुटलेली, म्हणून त्यांच्या ठशात एक खाच असते. ती खाच इथंही होती. कपाळाला कुंकू लावून पाठीवर नवं कापड पांघरलेलं होतं.

मी टॅगचा नंबर घरातल्या कार्डाशी ताडून बघितला. चार वर्षांपूर्वी हा टॅग मीच मारला होता. "केवड्याच आहे," मी म्हणालो आणि फॉर्म काढला.

सगुणाबाई दाराशी बसल्या होत्या. पासष्टीच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. डोळे कोरडे. माझ्याकडं बघून त्यांनी तोंड फिरवलं. म्हटलं, दुःखात आहेत.

"मावशी, कधी कळलं?" मॅडमनी विचारलं.

"फाटंच. उठली नि बगितलं." बाई जमिनीकडं बघत म्हणाल्या. "खड्डा खणून झालाय गो बाय. मीठ पन आनलंय. त्याला फाडू नको. पुरू दे मना."

"विषाचा संशय आहे म्हणतात ना हे."

"प्रविणला काय, त्याला समदीकडं चोर दिसतात."

प्रविण उसळला. "चोर नाय तर काय गो काकी? तो रामवाडीचा विशाल तीन येळा आला वळू मागायला. तू दिला नाय. धनतेरसला भांडून गेला. काल सांजेला केवड्या जाळावरून कसला उडाला, समद्या गावानं बगितला. आनि सकाली मेला? असा कसा मेला?"

"काल संध्याकाळी आणखी कोण आलं होतं?"

"मी साडेसातला शिफ्टला निघालो तवा मुरादचा टेम्पो उभा व्हता. खांब गावचा मुराद. ताडपत्री लावलेला."

"मुराद दर भाऊबीजेला येतो," बाई पटकन म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचा दोस्त. त्याची गुरं पन ह्याच वाणाची. तीन वर्सांनी आमी वळू बदलायचो, म्हंजी घरातल्या घरात रगत नको; त्याचा वळू मेला, आता दोघांना केवड्याच."

"भाऊबीज आज आहे, मावशी," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी पदर सारखा केला.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. कानाला हात लावला, टॅग उलटसुलट केला, मानेखालची लोंबती कातडी चिमटीत धरून बघितली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कमळाकरभाऊ, चार माणसं बोलवा. याला दुसऱ्या कुशीवर करायचंय."

"कशाला?" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मेलेल्या जिवाला कशाला लोळवतेस गो?"

आवाज असा फुटला की मीच दचकलो. पण माणसं आली, पायांना दोर लावले आणि वळू दुसऱ्या कुशीवर उलटला.

खालची बाजू कोरी होती. एकही ठसा नव्हता.

३

मला वाटलं, घासून पुसले असतील. मॅडमनी ओलं बोट कातडीवर फिरवून दाखवलं. गेरूचा कणही लागला नाही. मागच्या मांडीवर मात्र वीतभर खरचटलेली जखम होती, कडेनं खपली धरलेली, वर हळदीचा जाड लेप.

"प्रविण, काल हा लंगडत होता?"

"नाय हो. जाळावरून उडाला म्हनलं ना."

"नीट बघितलात? हाच होता?"

"मी तसा गोठ्यात फारसा जात नाय," प्रविण चाचरला. "सकाली कानातला टॅग बगितला. नंबर तोच."

मला हसू आलं. पण मीही तेच केलं होतं, हे लगेच ध्यानात आलं आणि हसू घशातच राहिलं.

"पुरायचं नाही," मॅडम उठल्या. "मी दुपारपर्यंत येते. याला कुणी हात लावायचा नाही. आणि कुणाचंही नाव घेऊन गावात ओरडा करायचा नाही. कळलं ना?"

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "मॅडम, रामवाडीला ना? तो विशाल बघा, त्याचाच हात असणार."

"चला," त्या म्हणाल्या. "पण विष घालणारा माणूस मेलेल्या जनावराला गेरूचे ठसे मारत बसत नाही."

४

विशालचा रामवाडीला गोठा आहे. गुजरातेतून आणलेल्या उंच्यापुऱ्या गाई, वर पंखे, तुपाच्या बरण्यांवर स्वतःचा फोटो. केवड्या गेल्याचं ऐकून तो खुर्चीत मटकन बसला.

"मी मारीन? अहो, मला तो जिवंत हवा होता. माझ्या गाई बघा. आठवड्याला गोचिडाचं औषध, पंखा बंद झाला की धापा टाकतात. मला ते रक्त हवं होतं त्यांच्यात. भांडलो, कबूल आहे. पण ते बाईंशी नाही."

"मग कुणाशी?"

"प्रविणशी. तो म्हणाला, सोमवारनंतर हा वळू वळू राहणार नाही, कशाला तंगड्या तोडत येतोस? मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे, सरकारी कागदावर सही केलीय, कापणार आहेत. म्हातारी बसेल रडत, मग गुपचूप जर्सीचं रेतन करून घेईल. मला इतका राग आला म्हणून सांगू, त्याची गचांडीच धरली मी."

मॅडम वळल्या. "यादी बघू, भाऊ."

मी पिशवीतनं यादी काढली. मॅडमनी सकाळी टिपून घेतलेला नंबर एकेका ओळीशी लावला. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. पुढं संमतीच्या रकान्यात प्रविणची सही होती. त्याच्या अलीकडं जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गावठी'.

टॅग मारताना फॉर्म मी भरला होता. एका दिवसात सत्तर जनावरं, पावसाची भुरभुर, जातीला आमचा ठरलेला एकच शब्द. गावात कोण कुठल्या वाणाचं, ते बघत बसलो असतो तर रात्र झाली असती. माझ्या त्या एका शब्दावरून संगणकानं त्याला निकृष्टात टाकलं होतं.

"यादीवर सही माझी आहे," मॅडम हळू म्हणाल्या. "मीही नंबरच बघितले." मग गाडीची किल्ली उचलली. "खांबला जाऊ."

"मॅडम, ती आपली हद्द नव्हे. रोहा तालुका."

"माझं माहेर तिकडंच आहे. आज भाऊबीज. मला कोण अडवतंय?"

५

मुरादभाईचं घर खांबच्या मागं डोंगराच्या पायथ्याशी आहे. सत्तरीला आलेला माणूस, पोरं कुवेतला, इथं तो, बायको जमिला आणि नऊ गाई. गाडी बघून तो अंगणात आला आणि सलाम करायला उचललेला हात मध्येच थांबला.

"चाचा," मॅडम म्हणाल्या, "मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर सांगा."

जमिलाबींनी पाणी आणलं. मॅडमनी ते आधी पिऊन संपवलं.

"तिथं जो मेलाय तो केवड्या नाही. त्याच्या गळ्याखाली गोचिडांचे घोस आहेत. त्या वाणाच्या अंगावर गोचीड टिकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. टॅग चार वर्षांचा, तर कानातलं भोक भरून त्याची कड टणक झालेली हवी. जिवंतपणी नवं पाडलं असतं तर रक्त साकळलं असतं. इथं दोन्ही नाही. म्हणजे भोक मेल्यावर पाडलं आणि टॅगचा कापलेला खिळा मागून तारेनं बांधला. मांडीवरची जखम आठवड्याची आहे, रस्त्यावर घासल्यासारखी. म्हणजे हायवेवर गाडीची धडक बसलेलं मोकाट जनावर. कुणीतरी मायेनं आठ दिवस हळद लावत होतं."

जमिलाबींनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांच्या बोटांवर अजून पिवळेपणा होता.

"आणि ठसे. पाडव्याला उभ्या जनावराला दोन्ही बाजूंनी ठसे मारतात. याला एकाच बाजूला आहेत, कारण मारले तेव्हा तो आडवा होता आणि मेला होता. मावशींना वाटलं, बिनठशाचा वळू बघून गावाला संशय येईल. म्हणून मारले. पण एकट्या बाईला तो उलटवता आला नाही. दर भाऊबीजेला जाणारे तुम्ही यंदा एक दिवस आधी गेलात, ताडपत्री लावून. जाताना हे जखमी जनावर नेलंत. येताना काय आणलंत, चाचा?"

मुरादभाई उठला आणि परड्यामागं चालू लागला. आम्ही मागोमाग गेलो.

आंब्याखाली केवड्या उभा होता. दोन्ही कुशींवर खाच असलेले ठसे, डाव्या कानात जुनं, टणक कडेचं रिकामं भोक. आमच्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि पुन्हा पेंढ्यात तोंड घातलं. मला एकदम भरून आलं. मी त्या वळूला जिवंत बघून रडेन, असं कुणी सकाळी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"ते जनावर तसं पन वाचणार नव्हतं," मुरादभाई म्हणाला. "आत कायतरी फुटलेलं. काल टेम्पोतच त्यानं जीव सोडला. सगुणा परवा आली व्हती, पायीपायी स्टेशनावर जाऊन, गाडीनं. रडली नाय. म्हनली, भाई, आपल्या दोघांच्या गुरांचा बाप हाय तो, सोमवारी त्याला कापतात. मी म्हनलो, डॉक्टरला सांग. तर म्हनली, सांगून आली. डॉक्टर भेटली नाय. तिथल्या मानसानं हाकलली."

"कुठल्या माणसानं?" मॅडमनी विचारलं.

मुरादभाईनं माझ्याकडं बघितलं नाही. त्याला ठाऊक नव्हतं. मला मात्र तेव्हा आठवलं.

६

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. खिडकीतनं एक कागद आत आला, त्यावर पोराच्या अक्षरात बारा आकडे. "ह्यो नंबर तेवडा काडा ओ." मी यादीवर बोट फिरवलं आणि म्हणालो, "यादीत आहे. सही झालीय. आता काही होत नाही, जा." मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. खिडकीतनं परत गेलेला हात तेवढा दिसला, मिठागरात राबून चिरा पडलेला.

परतीच्या वाटेवर हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी मला एका शब्दानंही झिडकारलं नाही. झिडकारलं असतं तर बरं झालं असतं.

चारच्या सुमारास आम्ही गोठ्यात पोचलो. मागून मुरादभाईचा टेम्पो आला, रिकामा. वळूला त्यानं आजच्या दिवस तिकडंच ठेवला होता. त्याला बघताच सगुणाबाई काय ते समजल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"धरला का त्याला?" एवढंच त्यांनी विचारलं.

"पेंढा खातोय," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी डोळे मिटले. सकाळपासून कोरडे असलेले ते डोळे आता वाहायला लागले. "मना नेयाचं तर न्या. मुरादला काय करू नका. समदं मी केलं. दोरी, तार, गेरू, समदं माझ्या हातानं."

प्रविण कोपऱ्यात उभा होता. "काकी, मना सांगितलं असतंस तर..."

"तुला?" बाई ओरडल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "सही तू केलीस. बांध फुटला त्या वर्सी तुझं पोर कुनाच्या दुधावर जगला रे?"

प्रविणनं मान खाली घातली. मग म्हणाला, "कागदावर निकृष्ट लिवलेलं व्हतं. मना वाटलं, शिकलेल्या मानसांनी लिवलंय म्हंजी खरंच असल."

आता माझी पाळी होती. सव्वीस वर्षांत मी कुणाची माफी मागितली नव्हती. "मावशी," मी म्हणालो, "तो शब्द माझा. आणि खिडकीतला माणूसही मीच. चुकलो."

"वळखला व्हता सकालीच," त्या म्हणाल्या. "आवाजावरनं."

मॅडमनी पेनानं यादीतली पाचवी ओळ खोडली, बाजूला सही केली आणि नवा फॉर्म माझ्यापुढं ठेवला. मी जातीच्या रकान्यात लिहिलं. बाई जवळ सरकल्या. "काय लिवलंत? वाचून दावा."

"कोकण कपिला. शुद्ध."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"सोमवारी मोहीम होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "राहिलेल्या सहांच्या दारात मी आधी जाईन, प्रत्येकाला डोळ्यांनी बघेन. आणि झालं ते सगळं वर लिहून कळवेन, माझ्या सहीसकट." मग त्यांनी मेलेल्या वळूचा फॉर्म घेतला. "टॅग नाही. मृत्यू अपघातानं. मालक..." पेन थांबलं. "बेवारस."

"तसं नको लिवू गो," सगुणाबाई म्हणाल्या. "माझ्या वळूच्या वाटचं मरान त्याच्या नावावर घातलं मी. मेलेल्याला खोटं नाव दिलं. आता बेवारस म्हनून मातीत घालू? माझ्या दारात आलाय. माझाच हाय. माझं नाव लिव."

मॅडमनी लिहिलं.

बाई आत गेल्या आणि गेरूचं भांडं नि ते फुटक्या कडेचं माप घेऊन आल्या. सकाळी उलटवला तसाच तो पडला होता, कोरी बाजू वर. त्या वाकल्या, एकेक ठसा दाबून उठवू लागल्या. मानेपासून मांडीपर्यंत, हळदीचा लेप चुकवून. शेवटी त्यांचा हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी माप माझ्या हातात दिलं. राहिलेले तीन मी मारले. मग मुरादभाईनं मिठाची गोण उचलली, प्रविणनं दोर धरला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला खड्ड्याकडं नेलं.